टँकरमागची गर्दी

रविवार, मे महिना. बीबी गाव.

आज आमच्या व्यावसायिक हॉकी संघाचा निकाल लागणार होता. मालक सुधाकरराव बजावून गेले होते, "आज मैदान भरलं नाही तर संघ नागपूरले नेतो." गेल्या सामन्याला प्रेक्षक म्हणून मी होतो आणि एक बैल. तोही वाट चुकलेला.

प्लास्टिकचं मैदान सामन्याआधी भिजवावं लागतं, म्हणून टँकर आला. त्यामागे हंडे घेऊन अर्धं गाव. सुधाकरराव हरखले, "पाहा भाऊ, गर्दी!" अहो, गर्दी टँकरची!

शेजारच्या कमलाकाकू पंचावर धावल्या. "काऊन बे, आमाले प्याले नाही आन् गवताले पाजून राह्यला?"

"काकू, गवत नाही, प्लास्टिक हाय," पंच म्हणाला.

"प्लास्टिकले तहान लागते?"

हंडे भरले, मैदान कोरडंच राहिलं. एरवी ओल्या मैदानावर सुसाट सुटणारा चेंडू त्यावर इतका रेंगाळला की गावाला तो पहिल्यांदाच दिसला! मग काय, भरले हंडे बाजूला ठेवून बायका ओरडताहेत, "अबे, मार ना!"

हरलो. मला एवढा आनंद कशाचा झाला?

जाताना काकूंनी सुधाकररावांना विचारलं, "पुढचा सामना कधी हाय?"

टँकर जाऊन तास झाला होता.