माझ्या कुलपाची किल्ली

आईला, तिच्या वेंधळ्या लेकीचा वाकून नमस्कार.

अर्धा देश आमच्या शहराच्या विजेवर चालतो. काल मोठं जनित्र दुरुस्तीसाठी बंद होतं. आत शिरणारा प्रत्येक जण मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि ते त्यानंच काढायचं असतं.

मी आत असतानाच राजधानीतून मंत्र्यांचा फोन आला, "ताबडतोब सुरू करा!" आमचे साहेब म्हणाले, "बाई बाहेर आल्याशिवाय नाही." मीही शेवटचा बोल्ट आवळूनच आले.

अक्षर वाकडं आलंय, बोटाला जरासा चटका बसलाय. काळजी करू नकोस. बाबांचा खोकला थांबला का?

त्यांना सांग, हरवेल म्हणून ज्या पोरीच्या हाती घराची किल्ली कधी दिली नाही, तिच्या किल्लीसाठी काल मंत्री ताटकळले.

तुझी, किल्लीसकट सुखरूप,
धाकटी