भिर्ररची जागा

महाळुंगे पडवळ

प्रिय सयाजी,

गेल्या मंगळवारी पहाटे काकड्याला गेलो, देवापुढे नुसता उभा राहिलो आणि काही न मागता परत आलो. हळदीचं कोमट पाणी घशाखाली ढकललं, कळंबहून एसटी धरली आणि पुण्याला वृषालीनं सांगितलेल्या स्टुडिओत गेलो. तिच्या बैलगाडा शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये तुझा आवाज राहणार की जाणार, ते त्या दिवशी ठरायचं होतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेल्यापासून तू नाशिकला लेकीकडे जाऊन बसला आहेस आणि फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र.

तो गेम आपण कसा केला ते आठवून बघ. शर्यतींवर बंदी होती, वृषालीच्या बापाचे बैल गोठ्यात उभे राहून सुस्तावले होते, आणि ही कॉलेजातली पोरगी म्हणाली की शर्यतीचा घाट निदान टीव्हीच्या पडद्यावर तरी चालू ठेवते. आपण दोघं त्याच गोठ्यामागे माईक धरून उभे राहिलो. इतकी वर्षं घाटावर करत आलो तसंच केलं. मी गाडामालकाचं नाव पुकारायचं, "निशाण पडलं" म्हणायचं आणि थांबायचं, मग तुझं ते लांबलचक "भिर्रर्र". समोर गाडा नाही, घोडी नाही, गुलाल नाही, तरी तू असा ओरडलास की आत बैलांनी दावी ताणली. खुंटा हलल्याचा तो आवाजसुद्धा गेममध्ये आला आहे.

आता टीव्हीला जोडायचं नवं मशीन निघालं आहे आणि वृषाली तोच गेम सुधारून त्यावर आणते आहे. तुला कळवलं तर तुझा मेसेज आला, शिळ्या भाताला फोडणी कशाला? पारावर कुशाबाही मला म्हणाला, "गोरखभाऊ, म्हातारा बैल रंगवून बाजारात न्यायचा धंदा हाय ह्यो." मी म्हटलं, "रंग नको बघू, घाट चढतोय का ते बघ की."

मला तुमचं हे म्हणणं मुळीच मान्य नाही. मंचरला पारसच्या दुकानात जुनी मशीन दुरुस्तीला येतात. तो सांगतो की त्यांचे पार्ट आता मिळत नाहीत, मशीन गेलं की त्याच्याबरोबर गेमही गेला, मग तो कितीही चांगला असो. नव्या मशीनवर आला तर तो जगेल. बंदीच्या काळात ज्या पोरांनी तो खेळला ती आता बाप झाली आहेत, ती लेकरांना शेजारी घेऊन बसतील. अक्षरं मोठी केली आहेत, मला चष्म्याशिवाय वाचता आली. एक हात अधू असलेल्यालाही दुसऱ्या हातानं गाडा हाकता येतो. जुन्या मशीनला धूळ दाखवायची ताकद नव्हती, आता गाडा वर गेल्यावर मागची धूळ हळूहळू खाली बसताना दिसते. नवे घाटही घातले आहेत. आणि हा चालला तर वृषालीच्या पुढच्या, अगदी कोऱ्या गेमवर कुणीतरी विश्वास टाकील. यात शिळं काय आहे? यात्रेआधी आपण देवाचा मुखवटा चिंचेनं घासून उजळतो, तेव्हा शिळा देव असं कुणी म्हणत नाही. फक्त उजळताना नाक-डोळे घासून काढायचे नसतात.

भांडण झालं ते यावरच. गेममध्ये पैसे घालणाऱ्या कंपनीचा एक तरुण स्टुडिओत आला होता. बोलायला गोड. म्हणाला, "काका, त्यांचा आवाज खरखरीत आहे, मागे वारा आहे, बैल आहेत. नव्या मशीनवर सगळं स्वच्छ लागतं. त्यांच्या ओळी तुम्हीच म्हणा, मुलांना काही कळत नाही." आणि तुझ्या ओळींचा कागद त्यानं माझ्यापुढे धरला. मी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मी भिर्र म्हटलं तर गावातल्या कोंबड्यासुद्धा हसतील, हे तुला ठाऊक आहे. पण ते कारण नव्हतं.

मग त्यानं मधला मार्ग काढला. जुना आवाज सेटिंगमध्ये कुठेतरी ठेवू, ज्याला हवा असेल तो शोधून लावील. मी म्हटलं, "म्हंजे माळ्यावर. सायब, आमच्याकडं भांडी ठेवत्यात माळ्यावर, माणूस न्हाई." तो म्हणाला, मग दोन्ही आवाज पुण्यातल्या नटांकडून करून घेऊ. वृषाली शांतपणे म्हणाली, "मग तुमचे पैसेही नकोत, सर." तो फोन घेऊन बाहेर गेला. मी डोळे मिटून नाम घेत बसलो, ती नखं खात बसली. परत आल्यावर म्हणाला, "करा तुमच्या मनासारखं, जाहिरात मात्र आम्ही करणार नाही." नको करू म्हणावं. घाटाची जाहिरात कधी कुणी केली होती?

त्याच सकाळी एसटीत असताना तुझा दुसरा मेसेज आला होता. माझं पण तूच म्हण, माझा आवाज आता कुणी ऐकू नये. सयाजी, तुझा शब्द मी आजवर मोडला नव्हता. तो मोडला, हे तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून हे लिहितो आहे. दोन्ही आवाज एकत्र, नाहीतर एकही नाही, असं लिहिलेल्या कागदावर सही करून आलो. नव्या घाटांची माझी वाक्यं बोललो. दर वेळी "निशाण पडलं" म्हटलं आणि थांबलो. यंत्रावरचा माणूस वैतागला, "काका, एवढं थांबता कशाला?" मी म्हटलं, "सवय हाय." तुझं गोठ्यामागचं भिर्र तिथे बसवायचं काम वृषाली करते आहे, वाऱ्यासकट आणि बैलांसकट. तू रागावशील तर रागाव. मी तुझी जागा सोडून थांबलो होतो, आणि तिथे दुसऱ्या कुणाला येऊ दिलेलं नाही.

तुझाच,
गोरख