बिनशिक्क्याचा अर्ज

प्रिय धाकट्या,

आधी लिहिलेली दोन पत्रं फाडली. चार दिवस मी घरात नुसती येरझाऱ्या घालतेय. काही हरवलंय का, असं आईने दोनदा विचारलं.

आई बरी आहे. फोन चुकून डाव्या कानाला लावलास की तिला लगेच कळतं, तू नुसतं हं हं करत राहतोस. पोलिसांनी तुला भलताच माणूस समजून उचललं, दोन दिवस कोठडीत बडवलं आणि तो कान कायमचा गेला, हे ती अजून शेजाऱ्यांना सांगत नाही.

तक्रार कर म्हणून वर्षभर मीच तुझं डोकं खाल्लं. शेवटी तू आमच्या मानवी हक्क आयोगात आलास, तेव्हा अर्ज घ्यायच्या खिडकीत मीच होते. तक्रारीची वर्षाची मुदत संपायला नऊ दिवस होते. आमची रीत अशी, की कागद हातात आला की आधी तारखेचा शिक्का मारायचा, उणिवा मागाहून कळवायच्या. एका आजीबाईंचा अर्ज मी वहीच्या फाटक्या पानावरसुद्धा घेतलाय. पण तुझ्या वेळी मागे सहकारी उभे होते. बहिणीने भावाचं काम केलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी नको तितकी ताठ झाले. डॉक्टरच्या दाखल्यावर नोंदणी क्रमांक नाही, एवढ्यावरून अर्ज बिनशिक्क्याचा परत केला. ताई फारच कडक झाली, म्हणून तू हसलास. दोन दिवसांत येशील असं मी धरून चालले. डॉक्टर नेमके परगावी होते, तू आलास बारा दिवसांनी.

मुदतबाह्य म्हणून तक्रार निकाली निघाली. आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही असं तू म्हणत राहिलास आणि मी मान खाली घालून ऐकत राहिले. अरे, तुझं म्हणणं कोणी वाचलंच नाही. लाज वाटते मला.

काल मी प्रतिज्ञापत्र केलं: भाऊ मुदतीत आला होता, शिक्का मी मारला नाही. एका वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणतात, कोर्ट उशीर माफ करू शकतं, मग तक्रार पुन्हा उभी राहील. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण तुझ्या सहीशिवाय कोर्टातला अर्ज जाणार नाही आणि सोमवारी तो द्यायचाय. कागद सोबत आहेत. मला माफ केलं नाहीस तरी चालेल, सही मात्र कर.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
ताई