बंड्याचं पथ्य

२४ जाने.
बंड्या आज पण गप्प. दारात कोणी आलं की "कोन हाय?" म्हणून घर डोक्यावर घेणारा पोपट, आज सिलिंडरवाला थेट ओट्यापर्यंत आला तरी हूं नाही की चूं नाही. उजवा डोळा सुजलाय, कडेला पिवळा चिकटा. शिंका. मामा म्हणाले, "थंडी बाधलीय त्याला. वाईच च्या पाज." चहा-बिस्किटाशिवाय दुसरं औषध माझ्या सासऱ्यांना माहीत नाही. पोपट त्यांचा. रिसॉर्टसाठी आंबा तोडला तेव्हा ढोलीतून पडलेलं पिल्लू त्यांनीच टोपीत घालून आणलं. नऊ वर्षं झाली. पंख तेव्हापासून वाकडा, उडता येत नाही.

२७ जाने.
हे कंपनीत, पहिली पाळी. मी अंगणवाडी उरकून एकटीच नेरळला, जनावरांच्या डॉक्टरांकडे. टोपलीवर ओढणी बांधून रिक्षात बसले. शेजारच्या बाईला वाटलं कोंबडी.
डॉक्टरांनी चोच उघडून बॅटरी मारली. "ताई, खायला काय देता?"
सूर्यफुलाच्या बिया. शेंगदाणे. मिरची. चहात बुडवून बिस्कीट.
"नऊ वर्षं हेच?"
हेच.
तोंडात पांढरे डाग, टाळ्याला चिकटलेले. 'अ' जीवनसत्त्व अंगात नाहीच म्हणे. म्हणून डोळा, म्हणून शिंका, म्हणून श्वास. एकोणीस वर्षं अं.वा. चालवतेय. भिंतीवरचा तक्ता माझ्या हातचा: गाजर, पपई, तांबडा भोपळा, शेवग्याचा पाला. त्यावरून आयांना किती झापलंय मी. आणि माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. लाज वाटली. खूप.
त्याच जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. डोळ्यात थेंब, बल्बची ऊब, रोज वजन. बिया हळूहळू कमी करायच्या, एकदम नाही. वरून जीवनसत्त्वाचं कुठलंही औषध द्यायचं नाही, दोनदा बजावलं. देशी पोपट घरात ठेवायला बंदी आहे हेही ऐकवलं. बरा झाला की वनखात्याला कळवू म्हणाले. आधी बरा होऊ दे.

३० जाने.
भोपळा उकडून कुस्करला: वाटी उलटी केली.
गाजर किसून: पायाने ढकललं.
शेवग्याचा पाला बारीक चिरून: त्यात शिटला.
पोरांच्या काट्यावर बं.चं वजन दिसतच नाही. किराणावाल्याच्या काट्यावर केलं, पिशवीसकट. पिशवी वजा जाता ११४ ग्रॅम. दुकानात गिऱ्हाईक हसत होतं. हसो.

२ फेब्रु.
१०९.
मामांशी वाजलं. "उपाशी मारतीस व्हय गं त्याला?" बिया मोजून दहाच देते सकाळी, तेवढ्याच तो खातो, बाकी दिवसभर तसाच बसून. मी म्हटलं, मामा, ह्या बियांनीच त्याची ही गत केली. ते म्हणाले, "मंग मीच केली म्हन की."
जेवले नाहीत. मीही नाही.

५ फेब्रु.
डॉक्टर, दुसरी खेप. डोळ्याची सूज किंचित कमी. तोंडातले डाग तसेच. अजून आठ-दहा दिवस बघू म्हणाले. अंड्याचा पिवळा बलक भोपळ्यात कालवून चमच्याने भरवायला शिकवलं. चोचीच्या कडेने, थेंब थेंब. घाई केली तर श्वासनळीत जाईल.
"सुधारेल ना?"
"उशीर झालाय ताई." एवढंच.

६ फेब्रु.
आज अं.वा.त 'अ' जीवनसत्त्वाचा डोस. गावातली सगळी पोरं. मागच्या खेपेला चालताना झोकांड्या खाणारा पिंट्या, आज हातात गाडी घेऊन पळतोय. उपकेंद्रातल्या सिस्टर बाटलीतून चमचा भरून देतात, मी पोराचं तोंड धरते. प्रत्येक आईला मीच सांगते, एकच डोस, परत सहा महिन्यांनी, जास्त झालं तर बाधतं. पाठ आहे मला. झोपेत विचारा.
उरलेली बाटली उद्या उपकेंद्रात द्यायची. आज माझ्या कपाटात.

७ फेब्रु.
बाटली दिली.
द्यायच्या आधी चार थेंब मी घेतले. पेनाच्या टोपणात. बं.च्या चोचीत घातले. आज १०४ होता, दोन दिवस एक दाणा खाल्ला नव्हता, नुसता माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता. मला वाटलं ज्याने पोरं उभी राहतात त्याने...
गिळलं त्याने. कित्येक दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आपणहून गिळलं.
कोणाला सांगितलेलं नाही.

९ फेब्रु.
जरा ताजा वाटला. मी मनात फुगले. मूर्खासारखी.

१० फेब्रु.
दुपारी ओकला. मान लटपट. पाणीसुद्धा नको. १०१.

१२ फेब्रु. पौर्णिमा.
विहारात वंदना. मामा पुढे, मी बायकांत. पंचशील म्हणताना पहिल्या शीलालाच आवाज बसला. जीव घेऊ नये. दुसरं, न दिलेलं घेऊ नये. तिथे तोंड नुसतं हललं. लहानपणापासून म्हणतेय, कधी माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "घसा बसला का गं?" हो म्हटलं. चौथं शील पण गेलं मग, खोटं न बोलण्याचं. एका बैठकीत तीन.

१४ फेब्रु.
डॉक्टरांना सांगितलं. वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसत बसले.
"चार थेंब त्याच्या मापाने फार होतात, ताई. आधीच इंजेक्शन दिलेलं, त्यावर हे."
विचारलं, आता जे होतंय ते त्याने की मूळच्या आजाराने?
"सांगता येणार नाही. हेही असंच दिसतं, तेही असंच दिसतं."
यकृतासाठी औषध दिलं. आता भोपळा-गाजरही बेताने. म्हणजे ज्याच्यासाठी पंधरा दिवस त्याच्याशी झगडले, तेच आता हात आखडून द्यायचं.

१६ फेब्रु. रविवार.
९८.
हे घरी. म्हणाले, एवढं काय लावून घेतेस, पक्षी आहे. मी ताट आपटलं.
संध्याकाळी मामांना सांगून टाकलं. सगळं. बाटली, टोपण, चार थेंब. ते खाटेवर बसले होते. मग उशीखाली हात घालून पुडी काढली. सूर्यफुलाच्या बिया.
"मीबी देत व्हतो गं. तू अंगनवाडीत गेलीस का. चार-पाच."
किती दिवस?
"पैल्यापास्नं."
मला राग यायला हवा होता. आला नाही. पुडी त्यांनीच चुलीत टाकली. मग आम्ही दोघं पिंजऱ्यासमोर बसून राहिलो, सून आणि सासरा, दोघेही चोर. बं. बल्बच्या बाजूला पिसं फुलवून. त्याला कोणाचाच राग नाही, हे जास्त वाईट.

१९ फेब्रु.
त्या दिवशी राहून गेलेल्या पोरांचा डोस. सिस्टर एकट्या, म्हणाल्या, ताई आज तुम्ही चमचा धरा. ठाकरवाडीची पोरगी, वर्षाची, कडेवर घेऊन आई लांबून चालत आलेली. "तुमीच द्या बाय, तुमच्या हातून रडत नाय ती." चमचा हातात घेतला. पोरीच्या ओठांशी नेताना कलंडला, औषध माझ्या मनगटावर. सिस्टरना म्हटलं, चक्कर येतेय. त्यांनी दिलं. पोरगी रडली.

२१ फेब्रु.
किराणावाल्याने आज पिशवी घेऊन आत येऊ दिलं, गिऱ्हाईक थांबवून. काट्याकडे मीही बघितलं, त्यानेही. ९४. डाव्या डोळ्यालाही सूज.
डॉ. फोनवर: चमच्याने भरवत राहा, जमलं तर. आणि नाही जमलं तर? "मग त्याला छळू नका."

२३ फेब्रु.
सकाळी चमचा लावला, चोच घट्ट. कडेने सारला तर डागाचं पांढरं साल सुटून आलं, मागोमाग रक्त. मामांनी माझा हात धरला. नऊ वर्षांच्या पोपटासाठी पहिल्यांदा सुनेचा हात धरला त्यांनी. "आता ऱ्हाऊ दे गं." मी चमचा ठेवला. रडले. त्यांच्यासमोरच.
दुपारी ते पिकलेली पपई घेऊन बसले. बोटावर नखाएवढा तुकडा. बोलत होते त्याच्याशी, गेल्या साली वाल कसा आला होता, आंब्याच्या ढोलीत अजून कोण कोण होतं. मी स्वयंपाकघरात. एकदम हाक, "आगं ये! घेतलं त्यानं! खाल्लं!"
धावत गेले. बोट रिकामं. बं. डोळे मिटून, चोच किंचित ओली. गिळलं, की खाली पडलं? पिंजऱ्याच्या तळाला कागद आहे, वर सालपटं, पिसं, सकाळपासूनचा गाळ. एरवी मी रोज तो कागद उचलून दाणा न् दाणा बघते.
मामा माझ्याकडे बघत होते. "खाल्लं ना गं?"
"खाल्लं, मामा."
कागद अजून तसाच आहे. उचललेला नाही.