दोन आल्दो बोस्कोलो

सौ. ओर्नेल्लास,
पादोव्याच्या इस्पितळातून सप्रेम.

प्रथम एक गंभीर तक्रार. इथे माझे नाव छाटले आहे. किओज्यात नुसते 'बोस्कोलो' म्हटले की अर्धे बंदर वळून पाहते, म्हणून तिथे घरोघरी टोपणनाव, आणि आपण 'बोस्कोलो खेकडे'. इथल्या विद्वानांनी 'खेकडे' ही थट्टा समजून गाळली.

विश्वकोशात आपल्या आडनावाचे नामवंत ओळीने आहेत; माझ्या शेजारच्या खाटेवर मात्र आल्दो बोस्कोलो 'मीठवाले' आहे. नाव तेच, पोटातली गाठही तशीच.

आज डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या, "आल्दो बोस्कोलो, तुमची गाठ साधी आहे. दुसऱ्या बोस्कोलोंशी उद्या निवांत बोलते." आम्ही दोघेही "आभारी आहे" म्हणालो.

"बाई बघत कुणाकडे होत्या रे, खेकड्या?" मीठवाल्याने विचारले.

"खिडकीकडे," मी म्हणालो. तो हसला, पण जेवला नाही.

आईचा गुडघा कसा आहे? होडीला रंग एकटीने लावू नकोस.

परिचारिकेला विचारता आले असते. मी विचारले नाही, त्यानेही नाही. ओर्नेल्ला, साधी गाठ माझी असावी असे वाटते, आणि मग त्याच्याकडे बघवत नाही. मला भीती वाटते.

तुझा,
आल्दो (खेकडे)