हळदीच्या शेवटी उरलेलं गाणं

बाबा, यंदा तुमच्या श्राद्धाला मी येणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला पानावर बसून माझी वाट पाहायला नको. त्याच दिवशी मुंबईत तो बँड वाजवणार आहे आणि मी तिकडे जाणार आहे. हो, तोच. तुम्ही ज्यांना केसाळ पोट्टे म्हणायचे तेच चौघं. आता त्यांचे केस गेलेत, ड्रमवाल्याला मधेच पाणी प्यायला थांबावं लागतं, आणि हा आपला शेवटचा दौरा असं त्यांनी जाहीर करून टाकलंय. काल दादाचा फोन आला होता. "बापाचं श्राद्ध सोडून गाणे ऐकाले जाऊन राह्यली? पन्नाशी आली तुही, लाज वाटते का नाही?" म्हटलं, नाही वाटत. "तिथी काय तुह्या कार्यक्रमासाठी पुढं सरकवू काय?" म्हटलं, नको सरकवू, तू कर, मी येत नाही. तर म्हणाला, "मंग या घरची पायरी चढू नको." बरं, म्हणून मी फोन ठेवला. ठेवला खरा, पण गॅसवरची भाजी पार करपून गेली तरी मला वास आला नाही.

तुम्हाला आठवतं का, हे सगळं तुमच्याच दुकानातून सुरू झालं. बालाजीच्या देवळाकडे जाणारा रस्ता, रस्त्यावर आपलं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान, आणि पडद्यामागे मिक्सिंगची खोली. तुम्ही पुढे बसून गिऱ्हाइकाला नमुने दाखवताय, बदामात नवरी, कमळात नवरदेव. मी दहावीतली, मागे दोन व्हीसीआर लावून तुमच्या कॅसेटी जोडतेय. जालन्याला शिकणारा एक मुलगा कॉपी करायला म्हणून एक कॅसेट सोडून गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही. ती मी लावली. आवाज बंद, कारण पुढे तुम्ही. एवढं मोठं मैदान, मुंग्यांसारखी माणसं, आणि एक हडकुळा माणूस घामानं निथळत माईक गळ्याशी धरून जीव तोडून ओरडतोय. मला काय झालं ते आजही सांगता येत नाही. एवढंच कळलं की मला पण असंच ओरडायचंय आणि आपल्या घरात कोणी ओरडू देत नाही. तुम्ही पडदा सारून आत डोकावलात. "हे काय? अंगात आलं काय याच्या?" म्हटलं, हाव बाबा, अंगातच आलंय.

मग ते दुसरबीडचं लग्न. मुलगी पाठवणीला अशी रडत होती, बाबा, की मी कॅमेरा तिच्यावरून हलवलाच नाही. तिच्याखाली आपली नेहमीची सनई घालायला माझं मन होईना. मी त्या बँडच्या शेवटच्या गाण्यातली गिटार घातली. तुम्ही न बघता कॅसेट देऊन टाकलीत, आणि तिसऱ्या दिवशी मुलीचे काका दुकानात. तुम्ही गिऱ्हाइकापुढे हात जोडलेत आणि ते गेल्यावर माझ्याकडे वळलात. "लोकाची पोर रडून राह्यली अन् तू खाली हे वाजवून राह्यली? अक्कल गहाण टाकली काय?" मी म्हणाले, रडतीच्या खाली तेच पाहिजे होतं. मारलं नाहीत तुम्ही. त्याहून वाईट केलंत. ती बँडची कॅसेट काढली, पुन्हा भरता यावी म्हणून मागच्या तुटलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि माझ्यादेखत तिच्यावर कोणाचीतरी हळद भरायला घेतली. पुन्हा मिक्सिंगला बसायचं नाही म्हणालात, आणि माझी खुर्ची दादाला दिलीत. दादाला तर प्ले कुठलं आणि रेकॉर्ड कुठलं तेही समजत नव्हतं! माझा जळफळाट झाला होता. अजून होतो. तुम्ही गेलात म्हणून तो काही विझलेला नाही.

पण तुमचा हिशेब थोडा चुकला. हळद छोटी होती, कॅसेट मोठी, आणि दुकानाची प्रत म्हणून ती कपाटातच राहिली. तुम्ही सिनेमाला किंवा गावाला गेलात की मी ती लावायची. त्या अनोळखी बायका एकमेकींच्या गालाला हळद फासतायत, कोणाची तरी आत्या नाचतेय, आणि मी मुकाट्यानं सगळं बघतेय, कारण त्या आत्याच्या नाचानंतर पडद्यावर मुंग्या येतात, आणि मुंग्या सरल्या की तो हडकुळा माणूस उगवतो. शेवटचं गाणं, तेही अर्ध्यातून. ते अर्धं मी किती वेळा ऐकलं असेल देवाला ठाऊक. ती आत्या मला रस्त्यात दिसली तर आजही ओळखेन.

पुढे लग्न झालं, चिखलीला शाळेत गणित शिकवायला लागले, मुलं मार्गी लागली, आणि मग, तुम्ही गेल्यावर, मी त्या बँडच्या कार्यक्रमांना जायला लागले. कोणाला विचारून नाही. पहिल्यांदा बेंगळुरूला रांगेत उभी होते, काळा टी-शर्ट, खाली सलवार. पुढचा एक पोरगा वळून म्हणाला, आंटी, बेटे को छोड़ने आई हो? मी म्हटलं, "काऊन बे? मी काय लेकरू पोचवाले आली काय?" त्याला अक्षर कळलं नाही, पण स्वर बरोबर कळला. कार्यक्रम संपेस्तोवर तो आणि त्याचे दोस्त माझ्याभोवती कडं करून उभे होते, मला धक्का लागू नये म्हणून. शिलाँगची एक माझ्याच वयाची बाई तिथंच भेटली. तिच्याही भावाला हे वेड पटत नाही. आम्ही दोघी खूप हसलो.

आणि एक गंमत सांगते. सगळे मोबाईल वर करून स्टेज टिपत होते, तेव्हा माझा हात आपोआप उलटा फिरला. मंडपात तुम्ही मला सांगायचे ना, "नवरदेव कुठं पळून जात नाही. त्याच्या मामाचं तोंड घे." माझ्या एकाही व्हिडिओत तो बँड धड दिसत नाही. डोळे मिटून गाणारी, रडणारी, एकमेकांना धरून उड्या मारणारी माणसंच दिसतात. ती पोरं ते व्हिडिओ सगळीकडे फिरवतात आणि विचारतात, ताई, कुठे शिकलात? मी सांगते, वडिलांकडे. तुम्ही मला खुर्चीवरून उठवलंत, तरी शिकले ते तुमच्याकडेच. त्याला माझा इलाज नाही आणि तुमचाही.

कॅसेटीतलं ते शेवटचं गाणं मात्र ते कधीच वाजवत नाहीत. यंदा वाजवणार आहेत. एवढ्या वर्षांनी ते मला समोर उभं राहून, सुरुवातीपासून ऐकायचंय, बाबा, हळद नसलेलं. तिथीबिथी मला नका सांगू.

आता एक गोष्ट राहिली. तुमच्या दहाव्याला खडकपूर्णेवर कावळा शिवेना. बायकांचं काय काम नदीवर, असं सगळे म्हणत असताना मी आले होते, हे तुम्ही पाहिलंच असेल. समोर बाभळीवर कावळा बसलेला, पण खाली उतरेना. काका म्हणाले, त्याचा जीव दुकानात होता, दुकानाचं बोला. दादानं हात जोडले, "बाबा, दुकान मी चालवीन." कावळा ढिम्म. "आईले सांभाळीन." तरी ढिम्म. ऊन डोक्यावर आलं होतं, आई घेरी येऊन खाली बसली, आणि मला तुमचा असा राग आला! मेल्यावरसुद्धा हट्ट? मी मागे उभी राहून ओठातल्या ओठात म्हणाले, "त्या केसाळ पोट्ट्यायच्या कार्यक्रमाले मी जाणारच, बाबा. आता अडवा."

आणि कावळा उतरला. सगळे रडायला लागले, दुकानातच जीव होता हो, दुकानातच. दादा आईला सांभाळतो, ते मी नाकारत नाही. पण दुकान त्यानं वर्षभरात बंद केलं, आता तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात. तुम्ही नेमके कोणाच्या शब्दावर उतरलात ते तुमचं तुम्हाला माहीत. मी माझा पाळते आहे.

हे कालच फोनवर दादाच्या तोंडावर फेकायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. नाही बोलता आलं. त्या एका कावळ्यावर तो गेली इतकी वर्षं स्वतःला तुमचा लाडका समजत आलाय.