सईच्या पोटातली गोष्ट

सातारा, ९ जानेवारी २०२४

चि. सौ. अपूर्वास अ. उ. आ.

फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं मी चुकीचं ऐकतो, म्हणून पत्र. तुमच्याकडे माधवनगरला आठ दिवस छान गेले. सुमंतरावांची आमटी तुझ्यापेक्षा चांगली होते, हे त्यांना सांगू नकोस.

एक गोष्ट मात्र मनात घेऊन परतलो. सई सोफ्याच्या हातावर पोट दाबून पालथी पडते. जेवता जेवता उठते, चवड्यांवर ताठ उभी राहून पाय आवळते, पडद्यामागे जाते आणि लालबुंद होऊन येते. मग स्वतःच्या हाताला चावते. तू म्हणालीस, ऑटिझममुळे ती असं करते. असेलही. पण कोयनानगरच्या गुरांच्या दवाखान्यात मी बत्तीस वर्षं ड्रेसर होतो. ज्याला बोलता येत नाही, त्याचं पोट दुखलं की ते असंच काही करतं. तिला शौचाला साफ होते का, एवढं बघ.

जावईबापूंना नमस्कार, सईला पापा.
बाबा

*

माधवनगर, १६ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मला राग आला, तो लपवत नाही. माझी लेक साडेचार वर्षांची आहे, गोठ्यातलं वासरू नव्हे. तिला बद्धकोष्ठ नाही, उलट रोज चड्डीला थोडं पातळ लागलेलं असतं. शाळेतल्या विजयमालाबाईंनी बोलावून सांगितलं, की ती आता इतर मुलांनाही चावते. असंच चाललं तर जूनपासून तिला ठेवणं कठीण होईल. मला ती काळजी आहे. पोटाचं मनात घेऊ नका.

गुडघ्याला तेल लावत जा.
तुमची अपूर्वा

*

सातारा, २० जानेवारी

चि. अपूर्वा, अ. उ. आ.

माझं लिहिणं चुकलं. मनात आलं ते तसंच कागदावर उतरलं. तुझा राग योग्य आहे.

तरी हट्टानं पुन्हा लिहितो. पातळ लागतं म्हणजे पोट साफ आहे, असं नसतं. आत घट्ट अडकलेलं असलं तर पातळ तेवढं बाजूनं झिरपतं. मी काही डॉक्टर नाही, म्हणून त्यांनाच दाखव. तोवर कॅलेंडरवर लिही: कधी झाली, किती कडक, आणि त्या दिवशी चावली का.

रागातही पत्र टाकलंस, हे बरं केलंस.
बाबा

*

माधवनगर, ८ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमच्यावरच्या रागापोटीच कॅलेंडर लिहिलं. नऊ दिवसांत नीट अशी दोनदाच, तीही खड्यासारखी. आणि चावण्याच्या बहुतेक खुणा त्याच्या आदल्या दिवसांवर.

सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांनी पोट चाचपलं. डावीकडे खाली त्यांच्या हाताला गोळा लागला. ते म्हणाले, अशा मुलांत हे पुष्कळदा दिसतं. ती मोजकंच खातात (आपली सई दूधभात आणि बिस्किटं), दुखलं की रोखून धरतात, आणि सगळे ते स्वभावावर ढकलतात. पाण्यात विरघळणारी पावडर दिली आहे. पहिले चार दिवस फार वाईट गेले, पाचव्या दिवशी मोकळी झाली. आता जेवणानंतर पायाखाली पाट देऊन बसवतो, आणि संडासाचं चित्र असलेलं कार्ड तिच्या हाताशी ठेवलं आहे. बरं वाटलं तरी औषध लगेच थांबवायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे.

परत येताना रिक्षात मी रडले. दीड वर्ष ती मला सांगत होती आणि मी थेरपीच्या वहीत ‘हट्ट’ लिहीत होते. सुमंत म्हणाला, आता कळलं ना, मग पुरे.

मी रागावले ते विसरा.
अपूर्वा

*

सातारा, १३ फेब्रुवारी

चि. अपूर्वास अ. उ. आ.

विसरलो. ती वही फाडू नकोस, ‘हट्ट’ खोडून ‘पोट’ लिही. इथे गुडघा ठीक आहे.
बाबा

*

माधवनगर, २१ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

सई शांत झोपते, आणि महिनाभरात कुणाला चावली नाही. ऑटिझम आहे तिथेच आहे, पंखा बंद केला की अजूनही रडते. पण परवा तिनं पोळीचा तुकडा खाल्ला. विजयमालाबाईंनी जूनचा प्रवेश पक्का केला.

आणि काल सकाळी मी भाजी चिरत होते, तेव्हा ती आपण होऊन आली, कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि संडासाकडे चालू लागली. आजवर तिनं मला स्वतःहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. विषय काय होता, ते मी शाळेत सगळ्यांना न लाजता सांगितलं.

मे महिन्यात आम्ही तिघं येतो. तोवर माया आहे तशी असू द्या.
अपूर्वा